कडुनिंबाची दारं

"गूळच आहे ना हा?" गुरुबसव अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"गूळच आहे, अप्पा. सकाळी मीच फोडलाय," डॉ. हेमांगी उंबरे म्हणाल्या.

विषाणू संस्थेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या नळ्यांच्या गराड्यात, भगव्या कफनीतले सत्तरीचे मठाधिपती तोंडात खडा घोळवत बसले होते आणि चेहरा असा की कुणी खडू चारलाय. तेरणापूरच्या मठाचे हे स्वामी गोडाचे पक्के. आठवड्यापूर्वी मठात हुग्गी झाली, म्हणजे गव्हाची खीर, तेव्हा पहिला घास घेताच त्यांनी आचाऱ्याला फैलावर घेतलं होतं. बिचाऱ्यानं आणखी अर्धी ढेप फोडून घातली. तरी अप्पांना ती मचूळच लागली. पण तीच खीर डब्यांतून मठाभोवतालच्या वस्तीत गेली, तेव्हा तिकडून निरोप आला, "अप्पा, गोडानं तोंडाला मिठी बसली की ओ!"

"म्हणजे बिघाड माझ्याच तोंडात. मला हा साथीचा श्वासज्वर तर नाही झाला?"

"उलट आहे, अप्पा. तुम्हाला लस मिळालीय. खरी." डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "बेडकीचा पाला चावलाय कधी?"

"लहानपणी. त्यावर साखर खाल्ली की नुसती वाळू."

"तसंच हे. आपली जिव्हालस, म्हणजे जिभेवर सोडायचे थेंब, त्यात एक निरुपद्रवी जीवाणू आहे. तो जिभेवर मुक्काम करतो आणि शरीराला श्वासज्वराशी लढायला शिकवतो. त्याच्यापासून एक प्रथिन पाझरतं. गोड चव ओळखणारे जे मधुग्राही जिभेवर असतात, त्यांच्यावर ते झाकण घालतं. खारट, आंबट, कडू सगळं कळतं. गोड तेवढं जातं. जीवाणू आहे तोवर संरक्षण, आणि तोवर गोडी नाही. आमच्या चाचण्यांत याला एकही अपवाद निघाला नाही."

अप्पा हळूच म्हणाले, "मी थेंब घेतले ते लसीकरणाच्या उद्घाटनाच्या मांडवात, कॅमेऱ्यासमोर. वस्तीनं घेतले ते नंतर. त्यांना हुग्गी गोड लागली."

"त्यांना थेंब मिळाले. लस नाही."

वस्तीतली माणसं थेंबांना बिचकत होती, तेव्हा भोंग्यावरून अप्पांनीच शब्द दिला होता: बिनघोर घ्या, बिनघोर वावरा. त्या शब्दावर बायाबापड्या तोंड न झाकता आजाऱ्यांच्या उशाशी बसत होत्या. मठामागच्या दफनभूमीत रोज नवी माती निघत होती.

"मग तपासा की त्या कुप्या!"

"कशा तपासू? शहरातला सगळा साठा आरोग्यप्रमुख नाईकनवरेंनी सील केलाय. त्यांच्या परवानगीवाचून एक कुपी उघडली तर मीच आत जाईन. गोडी जाते हे वाक्यसुद्धा त्यांनीच माहितीपत्रकातून काढायला लावलं. लोक घाबरतील म्हणे!" डॉक्टर कडवट हसल्या. "इकडे टेकडीवरच्या बंगल्यांतून हलवायांना शिव्या पडताहेत, मिठाई फिकी लागते म्हणून. खरी लस कुठं विकली गेली ते तुम्हीच ओळखा."

अप्पा उठले.

"कुपीला सील ठोकता येतं, डॉक्टर. जिभेला कोण ठोकणार?"

संध्याकाळी मठाच्या ओसरीवर तिघंजण अंतर राखून बसले. अप्पा, बागवान मशिदीचे मौलाना इलियास आणि चर्चचे पाळक सॉलोमन भिंगारदिवे. एरवी या तिघांचं भोंग्याच्या आवाजावरून वर्षानुवर्षं वाजत आलेलं.

"अप्पा, साथीचा कायदा लागू आहे," मौलाना म्हणाले. "अफवा पसरवली म्हणून तिघांनाही उचलतील."

"उचलू द्या. एका कोठडीत टाकलं तर आपलं भोंग्याचं भांडण तरी मिटेल."

पाळकसाहेब हसले नाहीत. "लस घ्या असं सांगायला सरकारला आपली तोंडं चालली. आता तीच तोंडं लस खोटी आहे म्हणतील. चालवून घ्यावंच लागेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी तेरणापूरच्या तिन्ही भोंग्यांवरून एकच मजकूर निघाला. आधी मशिदीवरून, मग चर्चवरून आणि शेवटी मठावरून.

"घराघरात गुळाचा खडा येईल. आपापल्या उंबऱ्यात उभं राहून खा. गोड लागला, तर समजा की तुमची लस चोरीला गेली. तोंड झाका, जपून राहा आणि दाराला कडुनिंबाची डहाळी बांधा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे कोण, ते आम्ही विचारतो!"

शेवटचं वाक्य मजकुरात नव्हतं. ते अप्पांनी ऐनवेळी जोडलं, आणि एवढ्या जोरात म्हटलं की भोंगा किंचाळला.

दुपार कलेपर्यंत वस्तीतले कडुनिंब ओरबाडून निघाले. दारामागून दार हिरवं होत गेलं. मशिदीची गल्ली, चर्चची चाळ, मठाचा वाडा, सगळीकडे डहाळ्या. वृत्तवाहिन्यांच्या उडत्या कॅमेऱ्यांनी वरून चित्र टिपलं, तेव्हा अख्खी वस्ती हिरवीगार दिसत होती आणि टेकडीवर मात्र एकाही बंगल्याच्या दाराला पान नव्हतं.

नाईकनवरे मठात आले ते फौजदार आणि पत्रकार घेऊनच. कॉलरला ध्वनिक्षेपक, चेहऱ्यावर हसू.

"अप्पा, तुमचा मान राखून सांगतो, ही अंधश्रद्धा आहे. गुळानं लस तपासतात होय?"

"मग जीभ बघा की तुमची," अप्पा म्हणाले. मागे उभ्या असलेल्या डॉ. उंबऱ्यांना वाटलं, आता हा नाही म्हणणार. हा माणूस गोडाला शिवतही नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. उद्घाटनाच्या मांडवातला पेढाही त्यानं मधुमेहाचं कारण सांगून परत केला होता.

"बघतोच!" नाईकनवरे कॅमेऱ्याकडे वळले. "वस्तीला दिली तीच लस मी आणि माझ्या घरच्यांनी घेतलीय. वीस वर्षं मी साखर तोंडात घातलेली नाही, पण आज जनतेसाठी घालतो. गोडी नाही लागली, तर लस खरी. हाच ना तुमचा नियम?"

"हाच."

मौलानांनी ताटली पुढे केली. नाईकनवऱ्यांनी खडा उचलला आणि ऐटीत जिभेवर ठेवला.

खडा विरघळला. वीस वर्षांनी त्यांच्या तोंडात गोडी पसरली, उसाच्या ताज्या गुळाची, घसा धरणारी. हसू जागच्या जागी थिजलं.

"साहेब, कसं लागलं?" एका पत्रकार मुलीनं विचारलं.

"असं कसं होईल?" ते पुटपुटले. "आमचा लसीचा डबा तर खरा होता!"

कॉलरवरच्या ध्वनिक्षेपकानं ते वाक्य घराघरात पोचवलं.

पाळकसाहेब संथपणे म्हणाले, "म्हणजे बाकीचे खोटे होते, हे तुम्हाला ठाऊक होतं."

नाईकनवऱ्यांना ते ऐकूच गेलं नाही. चोरावर मोर निघाला होता. ज्या ठेकेदाराच्या हातून त्यांनी शहराची लस विकली, त्यानं त्यांच्या घरचा डबाही विकून खाल्ला होता. हे सगळं त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण पुरला, आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझी नात... श्वासज्वराच्या दवाखान्यात तिच्या आईकडच्या आजीजवळ बसलीय. मीच म्हटलं, बस बिनघोर."

तोच शब्द. अप्पांचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"फोन लावा. पोरीला बाहेर काढा. डॉक्टर तिला बघतील. मग फौजदारांबरोबर जा."

फौजदार उचलायला आले होतेच. माणूस तेवढा बदलला.

अप्पांनी दारावरच्या डहाळीचा एक फाटा मोडला आणि नाईकनवऱ्यांच्या हातात दिला.

"आणि ही घरी पाठवा, साहेब. दाराला बांधायला."