सागवानी गाडीचा सौदा

देवानंद सुताराला त्या रात्री एकच काम होतं. विकलेली गाडी सिंदेवाहीहून चंद्रपूरला न्यायची, किल्ली हातात द्यायची आणि मोकळं व्हायचं.

एवढं सांगून बापूजींनी शेकोटीत ओंडका सारला. जेवणं झाली होती, वीज गेली होती. नात दिव्यानी आणि नातू विक्की घोंगडी लपेटून जवळ सरकले. बापूजींनी ज्या रस्त्यावर तीस वर्षं एसटी चालवली त्याच रस्त्यावरची ही गोष्ट, आणि देवानंद त्यांचा लहानपणचा दोस्त.

"भूत दिसलं का त्याले?" विक्कीनं विचारलं.

"दिसलं असतं तं बरं झालं असतं," बापूजी म्हणाले. "ऐक."

गाडी साधीसुधी नव्हती. पार्सलं पोहोचवणारी जुनी डबा गाडी देवानंदनं लिलावात घेतली आणि दीड वर्ष खपून तिचं घर केलं. आत सागाचा पलंग, पलंगाखाली खण, घडीचा ओटा, कोनाड्यात देव. ड्रायव्हरच्या पाठीशी सागाची भरीव भिंत. तो रंधा मारायचा तेव्हा बायको वच्छला फळी धरून बसायची. पडदे तिनंच शिवले. मूलबाळ नव्हतं. मार्कंड्याला जायचं, वैनगंगेच्या काठी गाडी लावायची आणि शिवरात्रीची पहाट पलंगावरूनच पाहायची, एवढीच तिची हौस.

शेजारी चिडवायचे, "देवानंद, घराले चाकं लावले, आता बायकोले पंख लावतं का?"

वच्छला आतून ओरडायची, "तुमच्या घराले आधी दरवाजा लावा भाऊ, कुत्रं जेवून राह्यलं तुमच्या ताटात!"

त्या जाड भिंतीतून बोलणं ऐकू जात नसे. म्हणून खूण तिनंच ठरवली होती. दोनदा टकटक, म्हणजे थांबा.

गेल्या आश्विनात एका रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं. गाडी दारातच होती. तिला पलंगावर निजवून तो चंद्रपूरच्या दवाखान्याकडे निघाला. मूल गाव ओलांडलं आणि मागून टकटक झाली. पाणी मागत असेल. देवानंदला वाटलं, थांबण्यात वेळ जाईल, आधी दवाखाना गाठू. पुन्हा टकटक. केसलाघाटच्या पुढच्या वळणावर आवाज बंद झाला. त्याला वाटलं, झोप लागली.

डॉक्टर म्हणाले, रस्त्यातच गेली.

गावाला त्यानं सांगितलं, दवाखान्याच्या खाटेवर गेली. ती बोलावत होती आणि मी थांबलो नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार? जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून जीव जिथं जातो तिथं दिवा ठेवतात. वच्छलाचा दिवा दहा दिवस घरात तेवला. गाडी अंगणात अंधारात उभी होती.

पुढं त्या गाडीकडे पाहून त्याला घास उतरेना. विकायला काढली. नागपूरचं एक नवं जोडपं आलं, हेमराज आणि मंजुषा. वर्षभर गाडीतूनच देश फिरणार होते. मंजुषानं पलंगावरून हात फिरवला.

"भाऊ, घर घेताना इचारतेत, तसंच इचारून राह्यली. आत काही वाईट तं नाई ना झालं?"

"नाई बाई. बायको गेली ते दवाखान्यात. देवाची आन."

कोनाड्यातला देव त्यानं आदल्या दिवशीच घरात नेऊन ठेवला होता.

मंजुषाचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते. शुक्रवारी अमावास्या लागत होती, म्हणून तिला गाडी शेवटच्या गुरुवारीच हवी होती, रात्री बाराच्या आत. चंद्रपूरला, तिच्या बहिणीच्या दारात. हेमराज हसून म्हणाला, "आमच्या घरी नवरा मी नाई भाऊ, पंचांग आहे."

तो गुरुवार, अठरा डिसेंबर. पलंगाच्या कडेला वच्छलाच्या नखांचे चार ओरखडे होते. देवानंद दिवसभर त्यावर रंधा मारत बसला. पॉलिश वाळेपर्यंत नऊ वाजले. मग निघाला.

मूल गाव गेलं. दुकानं मागं पडली. जंगल सुरू झालं. दहा वाजून दहा मिनिटं.

टक टक.

खण सरकला असेल, त्याला वाटलं. पण खण त्याच्या हातचे होते. सरकणारे नव्हते.

टक टक.

"वच्छला..."

पाय ब्रेकवर गेला. दाबला मात्र नाही. थांबावं... मागं जावं... दार उघडावं... आणि आत कोणी असलं तर? नसलं तर?

"बाराच्या आत पोचाचं हाय वो," तो मोठ्यानं म्हणाला. "एकदा गाडी देऊन टाकतो. मंग..."



टक... टक.

आता हळू. दम लागल्यासारखी.

केसलाघाटच्या हनुमानाचं देऊळ गेलं. दर वेळी जोडायचा, तसे हात जोडले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. घट्ट. घामानं ओले.

टक...

दुसरी आलीच नाही.

तेच वळण.

"थांबला का तो?" दिव्यानीनं हळूच विचारलं.

बापूजींनी काडीनं विस्तव सारखा केला.

"नाई," ते म्हणाले. "दुसऱ्यांदाबी नाई."

पावणेबाराला गाडी चंद्रपूरला लागली. मंजुषा आरतीचं ताट घेऊन दारातच उभी होती. तिनं गाडीला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं. मग निरांजन घेऊन आत चढली.

"पडदे काकूनं शिवले ना भाऊ? किती निगुतीनं शिवले! त्याइच्या नावानं आज इथीच दिवा लावते."

नवऱ्यानं लावायचा दिवा एका परक्या पोरीनं लावला. नेमका पलंगाच्या उशाशी. देवानंदनं तोंड उघडलं. खरं सांगायला तीच वेळ होती. एवढी माया करणारी पोरगी, तिनं ऐकून घेतलंही असतं... कदाचित त्याच्याबरोबर रडलीही असती.

त्यानं तोंड मिटलं. किल्ली दिली. निघाला.

त्या पोरांना गाडीत आजवर काही जाणवलेलं नाही. सुखात आहेत. जाण्याआधी मार्कंड्याला एक रात्र राहून आले म्हणतात.

सकाळच्या एसटीनं देवानंद सिंदेवाहीला उतरला, तेव्हा बापूजी स्टँडवर चहा घेत होते. त्याचा चेहरा पाहून त्यांनी बाकावर बसवलं, चहा सांगितला. त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग ग्लास घ्यायला डावा हात पुढं केला.

"उजव्याले काय झालं?"

त्यानं हात पालथा केला. मधल्या दोन बोटांची पेरं सोलून निघाली होती. रक्त वाळलं होतं. कातडीत सागाची बारीक कुसळं रुतली होती, रात्रभर फळीवर ठोठावल्यासारखी.

"माहे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते भाऊ..."

दवाखान्यातल्या नर्सबाईनं चिमट्यानं एकूण एक कुसळ काढलं. त्या दिवसापासून देवानंदनं लाकडाला हात लावलेला नाही. रंधा, पटाशी, सगळं देऊन टाकलं.

काल बाजारात भेटला. बापूजींनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला.

पेरं रक्तानं ओली होती. कुसळं ताजी होती.