परतीचा पत्ता

बंगळुरात महादेवपुऱ्यातल्या एका ऑफिसात पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनत. प्रोग्राम सगळा सी या संगणकभाषेत, फक्त एक घाईचा तुकडा असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या बोलीत. तो लिहिण्याचं काम निहारने हौसेने अंगावर घेतलं होतं. नागपूरचा गडी, कामाला वाघ, पण धीर म्हणून नाही. त्यात बायकोचे, नीलिमाचे, दिवस भरलेले, आणि तिची आई यायची होती तोवर येलहंक्याच्या घरी ती एकटीच.

शेजारच्या टेबलावरच्या गुंडूरावांनी त्याला बजावलं होतं. तीन पिढ्या बंगळुरात काढलेल्या मराठी घरातले हे गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सी मधून असेंब्लीत शिरलास की परत कुठे जायचं तो पत्ता एका रजिस्टरात, चिपमधल्या इवल्याशा कप्प्यात असतो, अण्णा म्हणाले होते. आतून प्रोग्रामच्या आणखी कुठल्या तुकड्याला हाक मारायची तर तो आधी जपून ठेव, नाहीतर पुसला जाईल. सी मध्ये हे आपोआप होतं, इथे हाताने करावं लागतं. निहारने मान डोलावली, आणि घाईत नेमकी तीच ओळ लिहायची राहिली.

दुपारी त्याने कोड कंट्रोलरच्या बोर्डावर चढवला. बोर्ड गप्प झालं. आत शिरलेला प्रोग्राम परतायचं नाव घेईना, एकाच जागी गरगरत राहिला.

तेवढ्यात नीलिमाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. निहार बॅग उचलून जिन्याने धावत सुटला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कोपऱ्यातल्या पानाच्या ओल्या पिचकारीपाशी, पुन्हा तिचाच फोन. निघालोय, एवढंच सांगून तो खाली उतरला, तर पुन्हा तेच वळण. कोपऱ्यात तीच पानाची पिचकारी, अजून ओली.

तो पुन्हा उतरला. पुन्हा पिचकारी.

वर चढून पाहिलं. तेच.

बोर्डावरच्या प्रोग्रामसारखा तोही एकाच जागी गरगरत होता. दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने अण्णांना फोन लावून ती राहिलेली ओळ टाकायला सांगितली. पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"टाकली बघ. बोर्ड चालू झालं, सरी, ठीक आहे सगळं," अण्णा म्हणाले आणि जरा थांबले. "पण तू निघालास तेव्हा ती ओळ नव्हती रे."

निहारने फोन ठेवला आणि कठडा धरून उतरू लागला. या वेळी पायऱ्या संपल्या. दार आलं, ऊन आलं, रस्त्यावरचा गोंगाट आला. त्याचा जीव भांड्यात पडला. समोरच ऑटो उभी होती, तो आत जाऊन बसला.

"एल्लिगे, सार?" कुठे जायचं ते ऑटोवाल्याने विचारलं.

निहारने तोंड उघडलं. घराचं दार आठवत होतं, दारातली तुळस आठवत होती. गल्ली, रस्ता, भाग, काही म्हणजे काही आठवेना.

त्याने नीलिमाला फोन लावला.

"नीलू, हसू नकोस. आपलं घर कुठे आहे?"

ती कण्हत होती.

"मी तुलाच विचारणार होते," ती म्हणाली. "ॲम्ब्युलन्सवाला केव्हाचा पत्ता मागतोय."