हीलीची डावी सीट

फुजैरात तुझा दुसरा संसार आहे, असं माझी बायको अनुराधा मला म्हणायची. तो संसार म्हणजे त्या आखाती शहरातल्या रफिक मेकॅनिकच्या गॅरेजमधली माझी हिरवी ऑस्टिन-हीली गाडी. साठी उलटलेली, उघड्या टपाची, दोनच सीटांची. माझ्या सगळ्या सुट्ट्या तिच्या पायी गेल्या, हे काही खोटं नाही.

एके काळी ही गाडी युरोपातल्या घाटांमध्ये मोटारींच्या शर्यतीत, रॅलीत धावायची. उजवीकडे ड्रायव्हर आणि डावीकडे नकाशा वाचून वळणं सांगणारी डोरोथी नावाची बाई. अशाच एका रॅलीत ती त्या सीटवर वारली. हे ऐकल्यावर अनुराधाने त्या बाईंचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

दसऱ्याला ती पहिल्यांदा गाडीत बसायला तयार झाली, तीही अट घालूनच. "एकच चक्कर. नाही आवडली तर विकायची."

बॉनेटला हळदकुंकू लावून तिने डाव्या सीटवर खण, तांदूळ, नारळ ठेवला.

"गाडीची ओटी भरतेस?"

"त्या बाईंची. परमुलखात गेल्या बिचाऱ्या. कोणी निरोप दिला असेल का?" मग हात जोडून, घरी आलेल्या बाईला म्हणावं तसं म्हणाली, "पुन्हा या हं."

ओटी मागे ठेवून ती बसली. आम्ही खोर फक्कानच्या बाजूला डोंगरात शिरलो. मी जीव मुठीत धरून चालवत होतो. हिला आवडली नाही तर?

"उजवं," अनुराधा म्हणाली. "लांब वळण आहे, जाऊ दे."

वळण नंतर दिसलं.

"डावं. आवळत जातंय. दुसरा गिअर."

फोनवर रस्ता बघतानाही हिचं डावं-उजवं चुकतं. मला हसू आलं. इंजिन इतकं मोकळं कधीच चाललं नव्हतं. किती आनंद झाला म्हणून सांगू.

मग मी तिच्याकडे पाहिलं. फोन पर्समध्ये होता. डोळे मिटलेले होते.

"थांब."

समोर वळणापर्यंत रस्ता मोकळा होता.

"नीलेश, थांब."

मी ब्रेक दाबला, गाडी वळणावर येऊन थांबली. वळणापलीकडे अख्खा रस्ता दरडीखाली होता. धूळ अजून खाली बसत होती.

"तुला कसं कळलं?"

"मला काय कळतंय? त्या कानात सांगत होत्या, मी तुला सांगितलं." ती दार उघडून हळूच उतरली. "गाडी विकायची नाही. पण घरी मी टॅक्सीने येते."

"का गं?"

तिने साडी सारखी केली.

"बाई फार चांगल्या आहेत रे. पण इतका वेळ त्यांच्या मांडीवर बसायचं म्हणजे संकोच वाटतो."