चारशे अठरावी सही

गुरुवारी सकाळी फोन वाजला तेव्हा डोमितिला ओरे बटाटे सोलत होती.

"डोमी, येसेनियाला पकडून नेलंय काल," पलीकडे आबेलार्दो मास्तर होते. "निवडणूक कचेरीत दिलेली आपल्या पक्षाच्या सभासदांची यादी खोटी निघाली म्हणे. तू ठशांतली माणूस. काहीतरी कर."

डोमितिलाने पोलिसांच्या ठसे विभागात तीस वर्षं काढली होती. पण तिला उआन्कायो शहराच्या गल्लीतून उचलून शिष्यवृत्तीपर्यंत पोचवलं ते मास्तरांनी. बारा वर्षांपूर्वी त्यांनी 'नांगर' पक्ष काढला तेव्हा संस्थापकांत तिचंही नाव होतं. नंतर ती एकाही बैठकीला गेली नाही. दरवर्षी बोलावणं यायचं आणि दरवर्षी तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. मास्तरांचा आवाज ऐकला की तिला ओशाळल्यासारखं व्हायचं, तसं आत्ताही झालं.

ती आधी पक्षाच्या कचेरीत गेली. एक टेबल, एक कपाट, भिंतीवर नांगराचं चित्र. येसेनिया पोमा ही इथली एकुलती एक कारकून, बावीस वर्षांची. मास्तरांनी जुनी वही उघडून मधलं बोट एकेका नावावर टेकवत दाखवलं.

"हिच्यातूनच नावं उतरवली तिने. पोर साधी आहे, डोमी."

"मग खोटेपणा केला कोणी?"

मास्तरांनी वही मिटली. "तेच तर तुला शोधायचंय."

सरकारी वकील बेगा घाईत होता.

"बाजारात ओनोराता नावाची भाजीवाली आहे. तिला कळलं की तिची आई नांगर पक्षाची सभासद आहे. आई जाऊन चार वर्षं झाली."

"मेल्यावर राजकारणात पडली म्हणायची," डोमितिला म्हणाली.

बेगा हसला नाही. "तीन हजार नावं. सगळी येसेनियाच्या अक्षरात. ती कबूल करते. पण म्हणते, सही आणि ठशाचे रकाने मी कोरे सोडून यादी कपाटात ठेवली."

"कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"तिघांकडे. तिच्याकडे, मास्तरांकडे आणि लुडविन ब्राव्होकडे. ब्राव्हो म्हणजे टिटो कानचायाचा माणूस."

टिटो कानचाया माहीत नाही असं घर नव्हतं. दर रविवारी टीव्हीवर गाणी म्हणत तो लोकांना मिक्सर आणि फ्रिज वाटायचा. आता त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं. लोकप्रियता होती, पैसा होता, फक्त पक्ष नव्हता. मास्तरांकडे पक्षाखेरीज काहीच नव्हतं.

"आणि ठसे?"

"यंत्र म्हणतं, एकही कोणाशी जुळत नाही. ओळखपत्रासाठी प्रत्येकाच्या उजव्या तर्जनीचा ठसा सरकारकडे असतो. त्यात येसेनियाचाही आलाच. तोही जुळला नाही."

"मग ती आत का?"

"अक्षर तिचं आहे. निवडणूक तोंडावर आलीय, बाई. कोणीतरी आत असावं लागतं."

डोमितिलाने भिंग मागून घेतलं आणि यादी पुढे ओढली. तासाभराने तिने मान वर केली.

"पहिल्या ओळीतला ठसा दहाव्या ओळीत पुन्हा आलाय. मग एकोणिसाव्या, मग अठ्ठाविसाव्या. नऊ ठसे झाले की परत तेच नऊ. सगळं एकाच माणसाचं काम आहे."

"नऊच? दहा का नाहीत?"

"एक बोट त्याने वापरलं नाही. किंवा वापरता आलं नाही."

बेगाने ते टिपून घेतलं. डोमितिला पानं उलटत राहिली. चारशे अठराव्या ओळीवर तिचं स्वतःचं नाव होतं. शेजारी सही होती, आणि सहीतल्या पहिल्या अक्षराच्या पोटात एक लहानशी गोगलगाय काढली होती.

ती बराच वेळ त्या गोगलगाईकडे बघत बसली.

"आणखी काही?" बेगाने विचारलं.

"वेळ लागेल," ती म्हणाली. हे खोटं होतं, आणि ते तिच्या तोंडून किती सहज निघालं याची तिला शरम वाटली.

शुक्रवारी ती ब्राव्होला गाठायला त्याच्या हॉटेलात गेली. त्याच्या उजव्या तर्जनीला जाड पट्टी होती. तिला एकदम हायसं वाटलं. एखाद्याचं बोट कापलेलं पाहून आपण खूश होतोय, हेही तिला कळत होतं.

"बोटाला काय झालं?"

"रविवारी कार्यक्रमात मिक्सर दाखवताना कापलं. अर्ध्या देशाने पाहिलं, बाई. मी रक्त पुसत होतो आणि टिटो शेजारी गातच होता. अजून हसताहेत लोक."

"आणि यादी?"

"ती दाखल होऊन दोन महिने झाले. मी उघडूनसुद्धा बघितली नव्हती. आमच्याकडे मतं ढिगाने आहेत. पक्ष म्हणजे आत शिरायचं दार. भाड्याने घेतलेल्या दाराला खिळे किती, हे कोण बघत बसतं?"

"भाडं काय दिलंत मास्तरांना?"

ब्राव्होला हसू आलं. "पाकीट पुढे केलं तर परत केलं त्यांनी. म्हणाले, भिंतींवर टिटोच्या चेहऱ्याशेजारी नांगर रंगवा, गावोगाव. बस. आमची अट एकच होती, पक्षाची नोंदणी टिकायला हवी. तेवढे सभासद आहेत ना, विचारलं. म्हणाले, आहेत."

ती घरी आली. मास्तरांचा फोन दोनदा वाजला, तिने उचलला नाही. येसेनिया कोठडीत होती आणि डोमितिला आपल्या स्वयंपाकघरात बसून दुसरं काही उत्तर निघतंय का, ते शोधत होती. निघत नव्हतं.

शनिवारी दुपारी तिने सगळ्यांना कचेरीत बोलावलं.

"ब्राव्होंचं बोट गेल्या रविवारी कापलं," ती बेगाला म्हणाली. "यादी दोन महिन्यांपूर्वीची. ते सुटले. येसेनियाची दहाही बोटं शाबूत आहेत. तिने नेमकं एक कशाला गाळावं?"

"पकडलं जाऊ नये म्हणून? सरकारकडे आहे तेवढंच बोट गाळायचं."

"मीही तसंच धरून बसले असते. पण चारशे अठरावं नाव माझं आहे. तशी सही मी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत करायचे. गोगलगाईसकट. नंतर कधीच नाही. ती सही पाहिलेला एकच माणूस जिवंत आहे. माझ्या वहीत लाल शाईने तो त्या गोगलगाईला शिंगं काढून द्यायचा."

बेगाने यादीतलं ते पान उघडलं.

"त्याच्या सरकारी नोंदीत ठशाच्या जागी 'बोट नाही' असा शेरा सापडेल. यंत्र त्याला ओळखणार कसं? यंत्राला उजव्या तर्जन्या तेवढ्या ठाऊक. लाकडाच्या वखारीत त्याचं बोट गेलं तेव्हा मी जन्मले नव्हते. तो खडू अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरायचा, म्हणून आमचा अख्खा वर्ग तसाच धरायचा."

आबेलार्दो मास्तरांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तर्जनीच्या जागी गुळगुळीत कातडी होती.

"मी आधी खरंच निघालो होतो, डोमी," ते म्हणाले. "वही घेऊन, दारोदार. निम्मे वारलेले. बाकीचे म्हणाले, मास्तर, उद्या या. तुझ्याही दारावर आलो होतो. आत टिटोचं गाणं लागलं होतं. दोनदा बेल वाजवली."

डोमितिलाला ती बेल आठवली. पडदा बाजूला सारून तिने पाहिलं होतं, आणि टीव्हीचा आवाज वाढवला होता.

"मग मीच सभासद झालो, सगळेच्या सगळे. वाटलं, भिंतीवर एकदा नांगर दिसला की लोक परत येतील."

"आणि येसेनिया?" बेगाने विचारलं.

"तिला नेलं त्याच रात्री ठरवलं होतं, सांगून टाकायचं. धीर झाला नाही. म्हणून डोमीला फोन केला. ती ओळखेल हे माहीत होतं."

ब्राव्हो केव्हाच दाराबाहेर जाऊन फोनवर बोलत होता. "हा गेला. दुसरा कुठला नोंदलेला पक्ष आहे बघा. नाव काय असेल ते असू दे."

संध्याकाळी येसेनियाला सोडलं. डोमितिलाने कोठडीच्या फाटकाशी तिच्या खांद्यांवर आपली शाल घातली आणि मास्तरांचं सगळं सांगितलं. पोरीने शाल घट्ट ओढून घेतली.

"चारही दिवस ते माझ्यासाठी गरम सूप घेऊन येत होते, बाई. मी रडायचे, की मी काही केलं नाही हो. तर म्हणायचे, मला माहीत आहे, पोरी, तू आधी खाऊन घे. खोटेपणा स्वतः केलेला असून समोर बसून बघत होते. माणूस चार दिवस असं गप्प राहूच कसं शकतो?"

रस्त्यापलीकडे बस सुटायच्या बेतात होती. डोमितिला आत्ता गप्प बसली असती तर या मुलीला कधीच कळलं नसतं.

"त्यातले दोन दिवस माझे आहेत," ती म्हणाली. "मला गुरुवारीच कळलं होतं."

येसेनियाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग शाल खांद्यांवरून काढली, घडी घातली, तिच्या हातात दिली आणि तशीच थंडीत बसकडे चालू लागली.