सरासरीत न मावणारी कड

हे खरं घडलंय. मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

रात्र नव्हती. मे महिन्यातली भर दुपार. चेन्नईतलं अण्णा नगर. माझी बायको ऋचा कंपनीच्या लॅबमध्ये एकटीच होती. बाकीचे जेवायला गेले होते.

कंपनी हॉस्पिटलांसाठी पंप बनवते. शिरेतून थेंबाथेंबाने औषध सोडणारे. आतली मोटर चालते ती चिपने पाठवलेल्या विजेच्या स्पंदांवर. स्पंद रुंद, तर औषध जास्त. म्हणून प्रत्येक स्पंदाची कड, म्हणजे तो जिथे संपतो ती रेघ, वेळेवरच पडायला हवी.

या पंपात ती थरथरायची. मध्येच भलतीकडे पळायची.

ते पकडलं तुळजाजींनी. ऋचाचे वरिष्ठ, तंजावरकडचे मराठी. स्पंद पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या काचेवर नखाने टक् टक् करून दाखवायचे. "बघ मा, पळाली. ही कुणाच्या तरी शिरेत जाणार."

मालक बालाजीरावांनी त्यांना सगळ्यांसमोर वेड्यात काढलं. आठवडाभरात तुळजाजी गेले. हार्ट अटॅक. त्याच टेबलापाशी.

त्या दुपारी बालाजीरावांचा फोन आला. "ॲव्हरेजिंग चालू कर, स्क्रीनचा फोटो काढ, रिपोर्टला लाव. माल आज निघतोय."

"सर, सगळ्या स्पंदांची सरासरी काढली तर ती पळणारी कड दिसणारच नाही."

"मग मी काय तमिळमध्ये सांगू का, अम्मा? म्हणूनच तर लाव म्हणतोय!"

ऋचाचं डोकं सणकलं. तरी तिने बटण दाबलं.

स्क्रीनवरची रेघ स्वच्छ झाली.

आणि...

टक्.

काचेवर. नखाचा आवाज.

ॲव्हरेजिंग आपोआप बंद. कड पुन्हा थरथरायला लागली.

तिने पुन्हा चालू केलं.

...टक्.

बंद.

तिने पंपाला लावलेली स्कोपची वायर काढून हातात घेतली. पंपाचा प्लग उपसला. मोटरची घरघर थांबली. एसीचाही आवाज येईना.

स्क्रीनवर मात्र कड...

होती. थरथरत होती.

मग टक् टक् टक् टक्... दाखवून देणारं नख नव्हतं ते. चिडलेलं होतं.

काचेला तडा गेला.

ऋचाने तिथूनच बालाजीरावांना फोन लावला. "फोटो मिळणार नाही. उद्यापासून मीही कामाला येणार नाही."

फोटो दुसऱ्या कुणीतरी काढला. माल गेला. तिने सरकारी औषध खात्याकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं: चौकशी चालू आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. खाटेशेजारी पंप होता. मी पाणी ओतत होतो.

...टक्.

पंपाच्या छोट्या काचेवर. खाली त्याच कंपनीचं नाव.

"आत्ताच्या आत्ता काढा हा!" मी ओरडलो.

सुंदरी नावाची नर्स आली. "रीडिंग बरोबर आहे, सर. कसला आवाज? मला नाही येत."

मी हटलो नाही. त्यांनी पंप काढला...

आणि शेजारच्या खाटेला लावला.

...टक्.

मी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. शेवटी वॉर्डबॉय पंप घेऊन बाहेर पडला.

आई घरी आली. बरी आहे.

रोज त्या हॉस्पिटलला फोन करतो. पंप कुठल्या वॉर्डात नेला, ते अजून कुणी सांगत नाही.