चौथा थर

सुगीच्या तोंडावर वॉलरूच्या धान्यबंदरात दोन गोष्टी हमखास बिघडत: ट्रकांचा वजनकाटा आणि वेना ट्रेझाइजचं डोकं. वजनकाट्यासाठी ॲडलेडहून दुरुस्तीवाला येई. वेनाला मात्र स्वतःचं स्वतःच सावरावं लागे, कारण धान्य कंपनीच्या त्या पत्र्याच्या कचेरीत तिचं काम समजणारं दुसरं कोणी नव्हतं.

काम तसं सांगायला सोपं. हंगामापुरती जी पोरं लागत, त्यांना पहिल्या दिवसाआधी संगणकावर सुरक्षेचा एक छोटा अभ्यासक्रम पार करावा लागे. तो बांधायचा वेनाने. त्यातलं एकेक पान म्हणजे स्लाइड, आणि त्या पानावर एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. बरोबर उत्तर दाबलं की हिरवा थर वर येतो, चुकीचं दाबलं की लाल. थर मिटला की पुढचं पान. कुठला थर कधी उघडायचा नि कधी मिटायचा याचे हुकूम आधी लिहायचे, आणि मग ते हुकूम का पाळले जात नाहीत हे शोधत केस उपटायचे. कचेरीतल्या लोकांना वाटे, बाई दिवसभर चित्रं इकडची तिकडे करत बसते.

या धंद्यातल्या सगळ्यांना असते ती खोड वेनालाही होती. कोऱ्या पानापासून कोणी स्लाइड बांधत नाही. गेल्या वर्षीची उचलायची, फोटो बदलायचा, मजकूर बदलायचा. नको असलेला थर पुसायचा नाही, त्याच्यापुढच्या डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून तो लपवायचा. न जाणो, पुढे लागला तर. असे लपवलेले थर वर्षानुवर्षं एका अभ्यासक्रमातून दुसऱ्यात फिरत राहतात. ते कोणी बनवले, कशासाठी, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

यंदा मात्र वेनाने जीव ओतून काम केलं होतं. सोमवारी कामावर येणाऱ्या पोरांत तिची टॅमसिन होती. एकुलती एक, शाळा संपवून वर्षभर मोकळी, कोणाचं काही अडलं की आधी धावणार आणि मग विचार करणार. तिला ट्रकांमधून धान्याचे नमुने काढायला मचाणावर उभं करणार होते. सायलोच्या आत जायचं तिला काही कारण नव्हतं. तरी आईचं काळीज ते. सायलोच्या त्या उंच कोठारात पाय टाकायचा नाही, काही झालं तरी नाही, हे पोरीच्या डोक्यात ठसावं, एवढं एकच तिला त्या अख्ख्या अभ्यासक्रमाकडून हवं होतं.

त्यासाठी एक खास स्लाइड होती. सायलोच्या वरच्या झाकणातून खाली दिसणारा गहू, एवढाच फोटो. त्यात माणूस नव्हता. सुरक्षेची जबाबदारी असलेल्या ऱ्हॉन्डा किट्टोने बजावलं होतं, की फोटोपुरतंसुद्धा कोणाला गव्हावर उभं करायचं नाही. खाली प्रश्न: तुमचा सोबती कंबरेपर्यंत गव्हात रुतला आहे आणि हाक मारतो आहे, तुम्ही काय कराल? यंत्र बंद करून मदत मागवाल, की आत उतरून त्याला हात द्याल? खालचं दार उघडं असलं तर गहू पाण्यासारखा वाहतो, आणि हात द्यायला उतरलेला माणूस पहिल्याच्या मागोमाग खाली जातो. वॉलरूत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

क्लेम पोलग्रीनला तर ते झोपेतही माहीत होतं. त्याची हयात सायलोवर गेली होती. निवृत्त झाल्यापासून प्रत्येक नवा अभ्यासक्रम आधी क्लेमला दाखवायचा असा कचेरीचा रिवाज पडला होता. मोबदला म्हणून मांस-बटाट्याचं सारण भरलेली एक गरम पेस्टी आणि चहा. तो सगळी बटणं उलटसुलट दाबून बघे, वेनाच्या कामाची यथेच्छ टिंगल करी आणि काय बिघडलंय ते अचूक सांगे.

त्या बुधवारी त्याने टिंगल केली नाही.

“तुझी ती गव्हाची स्लाइड अडकते,” तो म्हणाला.

“अडकते म्हणजे?”

“हिरवं येत नाही, लाल येत नाही. पडदाभर नुसता गहू येतो. तो मिटतच नाही. पुढे जायचं बटणही गायब.”

“तू दाबलंस काय?”

क्लेमने पेस्टीच्या कडेचा तुकडा मोडून बशीत ठेवला. “आत उतरतो म्हणून दाबलं.”

वेनाला हसू फुटलं. जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडून आता तूच उडी मारलीस का रे, असं ती म्हणाली. क्लेम हसला नाही.

“तिथे कॉलिनला कशाला उभं केलंस?” त्याने विचारलं. “फोटो कुठून मिळाला तुला त्याचा?”

कॉलिन हा क्लेमचा धाकटा भाऊ. आखातापलीकडे वायालात राहतो, कबुतरं पाळतो, धडधाकट आहे. वेनाने त्याला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिने तसं सांगितलं. त्या स्लाइडवर कोणीच नाही, नुसता गहू आहे, हेही सांगितलं आणि पडदा वळवून दाखवला. क्लेमने लांबूनच बघितलं, मान हलवली, टोपी घेतली आणि निघाला. पेस्टी तशीच राहिली. क्लेमने पेस्टी टाकल्याचं कचेरीत कोणी पाहिलं नव्हतं.

वेनाला वाटलं, म्हातारा थकला. पण अडकणारी स्लाइड ही तिच्या हातची गोष्ट होती, म्हणून तिने फाइल उघडली. मूळ पान, त्यावर तीन थर: हिरवा, लाल आणि सूचनेचा. हुकूम बिनचूक होते. आतल्या आत चालवून बघितली तर स्लाइड लोण्यासारखी चालली. मग तिने ती प्रकाशित केली, म्हणजे शिकणाऱ्याला दिसेल त्या रूपात बाहेर काढली, आणि न उघडताच तिचे थर मोजले. ते चार भरले.

तिने कपाळावर हात मारला. जुन्या स्लाइडबरोबर लपवलेला कुठलासा थर आला असणार, दुसरं काय? तिने गेल्या वर्षीची फाइल उघडली, त्याच्या आदल्या वर्षीची उघडली. डोळे मिटलेले थर दोन सापडले, एकात नाताळची टोपी आणि दुसऱ्यात चुकलेलं स्पेलिंग. दोन्ही तिने पुसून टाकले. पुन्हा प्रकाशित केलं. चार.

एवढ्यात ऱ्हॉन्डाचा फोन आला. ऱ्हॉन्डा म्हणजे कडक बाई, जेवणाच्या सुट्टीतही शिरस्त्राण न काढणारी. तिने वजनकाट्यावरच्या चौघांना तो अभ्यासक्रम करायला लावला होता आणि स्वतःही केला होता.

“तुझी बटणं उलटी लागलीत,” ती म्हणाली. “चौघांनीही चूक उत्तर दिलंय.”

“बटणं बरोबर आहेत, ऱ्हॉन्डा. मी आत्ताच तपासली. तुझं काय आलं?”

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

“माझं काय आलं ते विचारू नकोस,” ऱ्हॉन्डा म्हणाली. “मी दाबलं. मला माहीत होतं तरी दाबलं. ती स्लाइड नीट कर, नाहीतर काढ.”

आता वेनाला बरं वाटेना. अशी तशी चूक असती तर ती सोमवारनंतर निवांत दुरुस्त केली असती. पण जो धडा पोरांना कोठाराबाहेर ठेवायला बांधला, तोच त्यांना आत उतरायची सवय लावत होता, आणि सोमवारी तिची पोरगी त्या पोरांत असणार होती. दुसऱ्या दिवशी तिने खोड बाजूला ठेवली. कोरं पान घेतलं. सायलोवर जाऊन स्वतः शिडी चढली, झाकणातून नवा फोटो काढला. गहू सपाट, पिवळा, शांत होता. खाली उतरून तिने एकेक थर हाताने बांधला, जुन्यातलं एक अक्षरही उचललं नाही. दुपारी बाहेर ऊन रणरणत होतं, खिडकीच्या जाळीवर माश्या बसल्या होत्या, पलीकडे सातूचा पहिला ट्रक रिकामा होत होता. तिने प्रकाशित केलं आणि स्लाइड उघडली.

गव्हात टॅमसिन उभी होती.

कंबरेपर्यंत. शाळेच्या नेटबॉलचा हिरवा शर्ट, केस ओले, वर बघत होती. ओरडत नव्हती. घाबरलेलीही नव्हती. रात्री उशीर झाला की फोन करून ‘आई, येशील का न्यायला’ म्हणताना तिचा चेहरा होतो, तसा होता. ओशाळलेला.

खाली दोन बटणं होती. त्यांतलं बरोबर कुठलं ते वेनाने स्वतः लिहिलं होतं.

तिने दुसरं दाबलं.

हात कधी गेला तेही तिला कळलं नाही. पडदाभर गहू आला. सपाट. त्यावर कोणी नव्हतं, कोणी होतं याची खळगीसुद्धा नव्हती. तो थर मिटला नाही. तिने संगणक बंद केला, उठून न्हाणीघरात गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. मग टॅमसिनला फोन लावला. टॅमसिन धक्क्यावर मैत्रिणींबरोबर खेकडे धरत होती. काय झालं म्हणून तिने विचारलं. काही नाही, येताना दूध आण, असं वेना म्हणाली आणि फोन ठेवून रडली.

स्लाइड तिने काढून टाकली. लपवली नाही, पुसली. फोटो पुसला, प्रश्न पुसला, जुन्या फाइलींमधूनही पुसला. ऱ्हॉन्डाने काही न विचारता होकार दिला. कोठाराबद्दलचं सोमवारी सकाळी मी सगळ्यांना उभं करून तोंडी सांगेन, म्हणाली. शुक्रवारी अभ्यासक्रम पोरांसाठी खुला झाला. खुला करण्याआधी वेनाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. शिरस्त्राणाच्या पानानंतर थेट पाणी पिण्याचं पान. मधे काही नाही. तिला हलकं वाटलं.

रविवारी जेवण झाल्यावर टॅमसिन स्वयंपाकघरातच मांडीवर संगणक घेऊन बसली. वेना भांडी विसळत होती. पोरगी मधूनच आईच्या आवाजाची नक्कल करी, कारण निवेदन वेनाचंच होतं. मग नक्कल थांबली आणि एक टिचकी ऐकू आली. मग म्हणाली, “झालं बाई एकदाचं. तुझा अभ्यासक्रम कंटाळवाणा आहे, आई, पण ती गव्हाची स्लाइड भारी घेतलीयेस.”

वेनाने नळ बंद केला. “कुठली गव्हाची?”

“ती गं. तू सायलोत उभी आहेस ती. ऱ्हॉन्डाने उतरू दिलं तुला? मला वाटलं, ती कोणाला पायही ठेवू देत नाही.”

वेनाने हात पुसले. टॅमसिनजवळ येऊन खुर्चीवर बसली. संगणकाकडे तिने बघितलं नाही.

“तू काय दाबलंस?”

टॅमसिन हसली. “तू होतीस ना तिथे. दुसरं काय दाबणार?”

“टॅम, ऐक.” वेनाने तिचे दोन्ही हात धरले. “मी आत असले तरी यायचं नाही. मी हाक मारली तरी. यंत्र बंद करायचं, माणसं बोलवायची आणि वरच थांबायचं. वचन दे मला.”

टॅमसिनचं हसू मावळलं. ती आईकडे जरा निरखून बघू लागली.

“हेच तर म्हणत होतीस तू त्यात,” ती म्हणाली. “अगदी हेच. ‘मी हाक मारली तरी.’”

“आणि तरी दाबलंस?”

“मग काय, तू सांगितलंस म्हणून तिथे ठेवून जाऊ तुला?” टॅमसिनने हात सोडवून घेतले आणि संगणक मिटला. “आणि बरोबरच होतं की, आई. हिरवं आलं.”