सिद्धेशचा अर्धा भाग

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे खरंच घडलंय, आणि ज्यांच्या घरी घडलं ती माणसं अजून त्याच घरात राहतात.

बेळगावातलं वडगाव. गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या.

रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

अमावस्येला स्वरूपाच्या विणकर गल्लीतले माग बंद असतात. एरवी त्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र सगळं चिडीचूप होतं.

तिचा धाकटा भाऊ सिद्धेश जाऊन आठ महिने झाले होते. खानापूरच्या रस्त्यावर अपघात झाला. मोबाईलचाही चुरा झाला. मागे राहिला तो त्याचा कॉम्प्युटर. साडीच्या काठाची नक्षी तो त्यावर काढायचा. वडिलांना, म्हणजे तम्मण्णांना, धागे लावताना सोपं जावं म्हणून मोजणी स्वतःच्या आवाजात भरून ठेवायचा.

"तीन तांबडं... एक हिरवं... दोन सोडा..."

एवढंच. पण तो गेल्यापासून म्हातारा रोज संध्याकाळी स्वरूपाला ते लावायला सांगायचा, मगच जेवायचा.

स्वरूपाला जवळच्या मच्छे गावातल्या एका कंपनीत नोकरीची संधी आली. परीक्षा विंडोजवर नव्हे, लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर होती. नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. तिने ठरवलं, डिस्कचे दोन भाग करायचे. एकात सिद्धेशचं विंडोज जसंच्या तसं, दुसऱ्यात लिनक्स.

आधी त्याच्या आवाजाची प्रत काढून ठेवायला हवी होती. पण घरातल्या एकुलत्या एक पेन ड्राईव्हवर लिनक्स भरलेलं होतं. त्याच्या भागाला आपण हात कुठे लावतोय, असं म्हणून ती पुढे गेली.

सकाळी तिने दोन सारखे भाग केले आणि नक्षीच्या वहीत लिहून ठेवलं: डावीकडे सिद्धेश, उजवीकडे लिनक्स.

इथेच घात झाला.

त्यांच्या मागावर साडीची सुलटी बाजू खाली असते. वहीतलं डावं फूल मागावर उजवीकडे येतं. वहीतलं उलटं करून बघायची सवय त्या घरात हाडीमाशी मुरलेली. दुपारी स्क्रीनवर ते दोन भाग आले. दोन्ही सारखेच, नाव कशालाच नाही. तिने वहीत पाहिलं, आणि सवयीने लिनक्ससाठी डावा भाग निवडायला गेली.

माउसचा बाण आपोआप उजवीकडे सरकला...

माउस बिघडला असेल. तिने तो पुसला. बाण परत डावीकडे आणला.

पुन्हा सरकला... या वेळी सावकाश. कुणीतरी तिच्या हातावर हात ठेवून ओढावा तसा.

 खोलीतल्याच बंद मागावर, आडवा धागा नेणारा धोटा एकदाच वाजला...

खट्ट.

तिने वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"काय कटकट हाय गं बाई!" ती चिडली. दोन्ही हातांनी माउस दाबून धरला आणि बटण दाबलं. हा भाग पुसला जाईल, चालेल का, असं स्क्रीनने विचारलं. तिने हो म्हटलं.

त्यानंतर बाण हलला नाही.

अर्ध्या तासाने कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. यादीत एकटं लिनक्स होतं. विंडोज नव्हतं. तिने उजवा भाग उघडला...

रिकामा.

मग तिला कळलं, वहीतलं आपण उलटं वाचलं आणि सिद्धेशचाच भाग पुसला. ती जमिनीवर बसली. 

इतक्यात बाहेरच्या कट्ट्यावरून तम्मण्णा आत आले. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

"आज लई येळ लावलं हुतंस गं सिद्धूचं."

"मी न्हाय लावलं, आप्पा."

"असं कसं? मी भाईर बसून ऐकलं की. आज मोजत न्हवता, तुलाच हाका मारत हुता. 'आक्का, नगं... आक्का, ऐक की गं...' ते कवा भरून ठेवलं हुतं त्यानं?"

सिद्धेशने तसं काही भरून ठेवलं नव्हतं. त्याच्या मोजणीत आक्का हा शब्द एकदाही नव्हता. आणि स्वरूपा तर त्याच खोलीत बसली होती. तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

"परत लाव की," म्हातारा खुर्ची ओढून बसला. "ते आक्कावालं लाव."

तिने काय सांगितलं, ते ती कुणाला सांगत नाही.

नोकरी तिला लागली. पण आता घरी असली की, पुन्हा एखादी हाक ऐकू यायची राहिली असेल म्हणून, मागांचा खडखडाट चालू असतानाही ती मध्येच काम सोडते, दारात येते आणि मोठ्याने म्हणते, "ओ! काय रं, सिद्धू?"